पायथ्याचे भीमण्णा

भीमण्णांनी बेंगळुरूच्या आसपासचा एकही डोंगर सोडला नव्हता, आणि एकही डोंगर ते चढले नव्हते. नंदी, शिवगंगा, मैसूर रस्त्यावरचे ते मोठमोठे खडक, बन्नेरघट्ट्याची टेकडी, सगळीकडे त्यांनी आमच्या ऑफिसातली कुटुंबंच्या कुटुंबं पोराबाळांसकट नेऊन वर चढवली, आणि स्वतः दर वेळी पायथ्याशी, चिंचेच्या नाहीतर पिंपळाच्या झाडाखाली, जमखाना अंथरून बसले. मंडळी चढायला लागली की ते हात वर करून म्हणायचे, "स्वल्प सावकाश!" आणि खाली बसून पानाचा डबा उघडायचे.

मी साताऱ्याहून बदली होऊन बेंगळुरूला आलो तेव्हा जयनगर नुकतंच आखलं होतं. रस्ते तयार होते, घरं यायची होती. त्यातल्याच एका घरात वरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. ऑफिसात पहिल्या दिवशी हजर झालो तर समोरच्या टेबलावरचा काटकुळा, उंच, कपाळावर गंधाची बारीक रेघ ओढलेला माणूस म्हणाला, "स्वल्प बसा, साहेब येतील." स्वल्पविराम सोडला तर स्वल्प हा शब्द मी तोवर कुठे ऐकला नव्हता. मला वाटलं, माणूस फारच शुद्ध मराठी बोलतो. संध्याकाळी दुधवालाही 'स्वल्प थांबा' म्हणाला, तेव्हा ते 'जरा' या अर्थाचं कानडी आहे हे लक्षात आलं.

हेच भीमण्णा. पूर्ण नाव भीमसेनराव. नाव ठेवणाऱ्यांनी बाळ नीट पाहिलं नसावं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या पदरी कारकून म्हणून इकडे आले, आणि तेव्हापासून घराण्यात कारकुनीला खंड नव्हता. मराठी ते घरी बोलत, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं असे की वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं याचा पत्ता लागत नसे. माझ्या बायकोला, सुधाला, ते पहिल्याच भेटीत 'सुधाक्का' म्हणाले. ती तेव्हा जेमतेम बाविशीची. घरी येऊन तिनं आरशात दोनदा पाहिलं. "पन्नाशीचा माणूस मला अक्का म्हणतो! मी काय इतकी थोराड दिसते?" इकडे कुठल्याही बाईला आदरानं अक्का म्हणतात हे मी तिला समजावलं, पण तिचा विश्वास बसायला दोन महिने लागले.

डोंगरांच्या बाबतीत भीमण्णांचं एक शास्त्र होतं. डोंगर सहकुटुंब चढता आला पाहिजे, नाहीतर तो डोंगरच नव्हे. त्यासाठी त्यांची कसोटी ठरलेली होती. "पोर, पदर आणि पोट," ते बोटांवर मोजत सांगत, "तिन्ही वर पोचली पाहिजेत." पोर म्हणजे कडेवरचं. पदर म्हणजे नऊवारीतल्या बायका. आणि पोट म्हणजे आमचे हेड अकाउंटंट शेषगिरीराव. शेषगिरीराव हे त्या कसोटीचं चालतंबोलतं माप होतं आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. एखाद्या नव्या डोंगराचं नाव निघालं की भीमण्णा आधी त्यांच्याकडे पाहत. ऑफिसातल्या तरुण मुलांनी सावनदुर्गाचा विषय काढला की ते हात झटकत. "बेडा, बेडा. तिकडे पदर जात नाही." कानडीत नको म्हणायला बेडा म्हणतात. भीमण्णांचा बेडा ऐकला की सावनदुर्गही थोडा खजील होत असावा.

गंमत अशी की न चढलेल्या डोंगराची त्यांची माहिती चढलेल्यांपेक्षा जास्त असे. मंडळी खाली आली की ते एकेकाला जमखान्यावर बसवून, कॉफीचा पेला हातात देऊन उलटतपासणी घेत. वाट कशी होती, सावली कुठे संपली, पाण्याचं टाकं भरलं होतं का, माकडं कुठल्या कट्ट्यावर बसली होती. वर्षानुवर्षांच्या जबान्या त्यांच्या डोक्यात साठलेल्या होत्या, आणि एखाद्याची जबानी त्यांच्याशी जुळली नाही तर चूक जबानी देणाऱ्याची असे. मी एकदा म्हणालो, "माकडं उजवीकडच्या कट्ट्यावर होती."

"डावीकडच्या."

"अण्णा, मी आत्ता बघून आलो."

"मग तुम्ही उलटे उभे होता, लिमये," ते शांतपणे म्हणाले आणि पुढच्या साक्षीदाराकडे वळले.

पुढच्या वेळी निघताना ते हीच माहिती नव्या मंडळींना अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ रोज पहाटे वर जाऊन येत असणार. "मोठा खडक आला की आजीला स्वल्प बसवा. तिथं वारा येतो. विचारून ठेवलंय मी." आणि वारा यायचा.

नंदीच्या डोंगरावर तर थेट वरपर्यंत मोटारीचा रस्ता आहे. आमची ठरवलेली बस मंडळींना घेऊन वर जाणार होती. चढायचा प्रश्नच नव्हता. पायथ्याचं गाव आलं आणि भीमण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "निल्लिसी." म्हणजे थांबवा. बस थांबली. ते जमखाना, पानाचा डबा आणि कॉफीचा थर्मास घेऊन उतरले.

"अण्णा, बस वर जातेय!" शेषगिरीराव खिडकीतून ओरडले.

"जाऊ दे की. तिला कोण अडवतंय?"

"मग तुम्ही बसा ना आत!"

"बसनं चढला तरी डोंगर चढलाच की हो तो," भीमण्णा म्हणाले आणि झाड शोधायला लागले.

त्याहून मोठी पंचाईत आनेकलच्या पुढे झाली. तिथं एक दरी आहे, मुत्यालमडुवु म्हणतात. ओढ्याचं पाणी मोत्यांसारखं पडतं म्हणून ते नाव. तिथं बस वर थांबते आणि माणसं पायऱ्या उतरून खाली जातात. म्हणजे पायथा वर आणि डोंगर खाली. भीमण्णा बसमधून उतरले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. आयुष्यभर बसवलेलं शास्त्र कोणीतरी उलटं करून ठेवलं होतं. शेवटी जिथून माणसं जातात आणि जिथं परत येतात ती जागा म्हणजे पायथा, असा त्यांनी निकाल दिला आणि दरीच्या काठावर जमखाना पसरला. पण त्या दिवशी त्यांना चैन नव्हतं. सारखे काठाशी येऊन डोकावत होते, आणि 'स्वल्प सावकाश' ऐवजी काय म्हणावं ते सुचत नसल्यामुळे नुसतेच हात हलवत होते.

ते चढत का नाहीत यावर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नियमित चर्चा चाले. कोणी म्हणे उंचीची भीती. कोणी म्हणे ज्योतिष्यानं पडून मरण सांगितलंय. शेषगिरीरावांचं मत, पायाला कुरूपं आहेत. मला ते नुसते आळशी वाटत. साताऱ्याचा माणूस मी, अजिंक्यतारा दाराशी असलेला. पायथ्याशी बसून डोंगर चालवणाऱ्या माणसाबद्दल मला मनातून थोडं हसूच येई.

एकदा एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, बसवनगुडीत. थोरल्या भावाचं घर, भावाच्या मुलांच्या बायका, त्यांची मुलं, कोणाचे मेहुणे, कोणाच्या मावशा. भीमण्णांचं लग्न झालेलं नव्हतं. का नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. बहुधा करायचं राहून गेलं होतं. ओसरीवर एक पुतण्या वर्तमानपत्र वाचत होता.

"भीमण्णा आहेत का?"

"असतील," तो म्हणाला.

आतून एक बाई म्हणाल्या, "नाहीत वाटतं. सकाळीच बाहेर पडले." दुसऱ्या म्हणाल्या, "छे, काल आलेच कुठे होते?" मग दोघींचा त्यावर वाद सुरू झाला. इतक्यात भीमण्णाच मागच्या दारानं हातात केळीची पानं घेऊन आले. ते तासभर परसात होते. वाद घालणाऱ्या दोघी त्यांच्याकडे न बघताच दुसऱ्या विषयावर गेल्या. मला ते फार विनोदी वाटलं आणि घरी जाऊन मी ते सुधाला अगदी रंगवून सांगितलं.

त्या वर्षी थंडीत माझी आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आईनं साठी ओलांडली होती, वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती अजूनही भाजी आणायला गेल्यासारखी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येत असे. बेंगळुरूचे डोंगर तिच्या मनात भरेनात. नंदीचं नाव मोठं ऐकून ती खिडकीतून टाचा उंचावून पाहायची आणि म्हणायची, "दिसत तर काही नाही."

भीमण्णांनी त्याच सुमारास शिवगंगेचा बेत काढला. शिवगंगा म्हणजे तुमकूर रस्त्यावरचा देवाचा डोंगर. अर्ध्यावर खडकात कोरलेलं देऊळ, त्याच्यावर खडकातच खोदलेल्या पायऱ्या, धरायला लोखंडी कठडे, आणि अगदी टोकाला दगडाचा नंदी. भीमण्णांच्या शास्त्रात हा कसोटीला लागणारा डोंगर. देवळापर्यंत पोट जातं, वर नाही, असा शेरा होता.

पायथ्याशी उतरलो. झाडाखाली जमखाना पडला. सगळ्यांनी चपला काढून भीमण्णांच्या भोवती रांगेनं लावल्या, कारण देवाच्या डोंगरावर अनवाणी जायचं. आईनं मान वर करून डोंगराकडे पाहिलं.

"हा होय? आमच्याकडं याला उंबरा म्हणतात."

मी म्हणालो, "आई, वरच्या पायऱ्या वाईट आहेत. तू देवळापर्यंत ये, नाहीतर इथंच अण्णांजवळ बस."

झालं. आईनं पदर खोचला. "मी काय गाठोडं आहे का, ह्यांच्याजवळ ठेवून जायला?" आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे चालायला लागली. मागून भीमण्णांची हाक आली, "माई, स्वल्प सावकाश!" आईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

देवळात दर्शन झालं. पोरं आणि पोटं तिथंच बसली. सुधा शेषगिरीरावांच्या बायकोबरोबर मागं रेंगाळली, मी दोघातिघांबरोबर वर नंदीपर्यंत गेलो. आई कुठं दिसली नाही, तेव्हा मला वाटलं ती सुधाजवळ असेल. सुधाला वाटलं ती माझ्याबरोबर पुढे गेली. उन्हं कलायला लागली तसे आम्ही सगळे हसतखेळत खाली आलो. कॉफी वाटून झाली. आता साक्षी सुरू व्हायच्या होत्या. पण भीमण्णांनी कोणालाच काही विचारलं नाही. ते चपलांच्या रांगेकडे पाहत उभे होते.

"लिमये," ते म्हणाले, "माईंचे जोडे इथंच आहेत."

सुधानं माझ्याकडे पाहिलं, मी सुधाकडे. दोघांनी एकदमच विचारलं, "तुमच्याबरोबर नव्हत्या?" "तुझ्याबरोबर नव्हती?"

 वरचे कठडे, ते गुळगुळीत खडक, बाजूची कपार डोळ्यांसमोर आली. आणि मी तिला उगाच डिवचलं होतं. मी परत चपला काढल्या. "अण्णा, चला. तुम्हाला सगळ्या वाटा ठाऊक आहेत. आपण दोघं एकेका बाजूनं बघू."

भीमण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्यांनी मान हलवली. "मी नाही येणार."

"अहो, म्हातारी बाई हरवलीय!"

"तुम्ही जावा. शेषगिरीरावांची मुलं घेऊन जावा. देवळाच्या मागं गुराख्यांची एक वाट पलीकडे उतरते, तिकडे आधी बघा. मी इथनं हलणार नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. मी आणि शेषगिरीरावांची दोन मोठी मुलं धावत सुटलो. त्या वेळी मला भीमण्णांचा जितका राग आला तितका आयुष्यात फार थोड्या माणसांचा आला असेल. देवळामागची वाट सापडली. तिच्यावर हाका मारल्या. वर नंदीपर्यंत जाऊन हाका मारल्या. हाक खडकावर आपटून परत येई, आणि दर वेळी मला ती आईचीच वाटे. त्यातच खालून एक विलक्षण आवाज यायला लागला होता. ठण्ण ठण्ण ठण्ण, न थांबता. मी खाली वाकून पाहिलं. झाडाखाली भीमण्णा चित्रान्नाचं, म्हणजे लिंबाच्या भाताचं, रिकामं पातेलं डाव्या हातात उंच धरून उजव्या हातातल्या पळीनं बडवत होते. आजूबाजूला गावातली पोरं जमली होती. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं.

दिवस बुडायच्या सुमाराला पातेलं थांबलं आणि खालून सगळ्यांचा एकच ओरडा आला. मी कसा उतरलो ते मला आठवत नाही.

खाली आलो तर आई जमखान्यावर बसली होती. एका हातात कॉफीचा पेला, पुढ्यात पानावर चित्रान्न आणि दहीभात. भीमण्णांनी तिचा वाटा काढून झाकून ठेवला होता. पायाला थोडं खरचटलं होतं, एवढंच.

"एवढा घामाघूम का झालास?" आई मला म्हणाली.

तिनं वर जाऊन नंदी पाहिला होता, आमच्या आधी खाली पोचून आम्हाला लाजवायचं म्हणून देवळामागच्या वाटेनं उतरली होती, आणि डोंगराच्या भलत्याच बाजूला निघाली होती. तिथल्या वस्तीत तिनं मराठीत रस्ता विचारला, बायकांनी कानडीत उत्तर दिलं आणि ताक पाजलं. मग ती डोंगर उजव्या हाताला ठेवून शेताच्या बांधांवरून चालत राहिली. "उन्हं उतरायला लागली तसं जरा घाबरायला झालं खरं. तेवढ्यात हे वाजायला लागलं. मला वाटलं कुणाकडं लग्न आहे. एवढी बेसूर वाजंत्री कुणी लावलीय ते बघावं म्हणून आवाजाच्या रोखानं आले, तर हे उभे."

सगळे पोट धरधरून हसले. भीमण्णाही हसले. हसता हसता त्यांनी आईचे जोडे रांगेतून उचलून तिच्या पायाशी आणून ठेवले.

बसमध्ये आई त्यांच्या शेजारी बसली आणि बेंगळुरू येईपर्यंत दोघांचं बोलणं चाललं होतं. मी मागं होतो, मला काही ऐकू आलं नाही. घरी आल्यावर सुधानं आईच्या पायाला हळद लावली.  आई म्हणाली, "त्यांना विचारलं मी, अहो, सगळ्यांना वर पाठवता आणि स्वतः खाली का बसता?"

"मग? काय म्हणाले?"

"ते सात-आठ वर्षांचे असताना घरची सगळी ह्याच डोंगरावर जत्रेला आली होती. तीन बैलगाड्या भरून. पुष्कळ भावंडं, चुलत, मावस. हे उतरताना मागं राहिले, माकडं बघत. खाली येऊन पाहतात तर गाड्या नाहीत. पहिल्या गाडीला वाटलं पोर दुसरीत आहे. दुसरीला वाटलं तिसरीत."

"अगं बाई," सुधा म्हणाली. "मग?"

"मग काय. संध्याकाळ झाली, जत्रा पांगली. हे आपले झाडाखाली बसून राहिले, कोणी येईल म्हणून. रात्री एका फुलवालीनं खायला दिलं."

"शोधायला नाही आलं कोणी?"

"आलं की. दुसऱ्या दिवशी गडी आला. पण ह्यांच्यासाठी नव्हे." आईनं पाय आखडून घेतला. "तांब्याची घागर विसरली होती झाडाखाली. ती न्यायला आला होता. घागरीपाशी हे बसलेले. गडी म्हणाला, अरेच्चा, तू इथं कसा? घागर उचलली आणि ह्यांनाही घेतलं. घरी पोचल्यावर ह्यांच्या आईनं विचारलं म्हणे, घागर मिळाली का?"

सुधानं हळदीची वाटी खाली ठेवली.

"ते हे सांगताना इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला त्यांना. म्हणाले, 'माई, मोठं घर, कोण मोजणार? मी कुणाला बोल लावत नाही. पण तेव्हापासून वाटतं, माणूस उतरून आला की खाली कुणी दिसायला पाहिजे.' आणि परत हसले." आईनं हळदीची वाटी उचलली. "मला मेलीला हसायलाच येईना."

पुढच्या आठवड्यात आईनं स्वतःच बेत काढला. साताऱ्याला परतण्याआधी तिला आणखी एक डोंगर बघायचा होता. भीमण्णांनी विचार करून बन्नेरघट्ट्याची टेकडी सुचवली. अगदी सालस टेकडी. खाली देऊळ, मागं खडकाचा चढ, पोर, पदर, पोट तिन्ही निर्धास्त जातात.

झाडाखाली जमखाना पडला, चपला रांगेला लागल्या. मंडळी निघाली. आई मात्र जमखान्यावर मांडी घालून बसली ती उठेना.

"माई, चला की. सगळे निघाले."

"माझे पाय दुखतायत," आई म्हणाली. आईचे पाय दुखतात हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही जा, भीमराव."

"मी?" भीमण्णांनी मागं वळून दुसरा कोणी भीमराव आहे का ते पाहिलं. "मी कसा जाणार? चपला आहेत, डबे आहेत."

"चपला मला दिसतायत. बसते मी."

"स्वल्प वेळ लागतो वर."

"लागू दे."

भीमण्णा घुटमळले. मग खाली वाकून, आम्हाला ऐकू येऊ नये अशा बेतानं, पण मला ऐकू आलंच, त्यांनी विचारलं, "कंटाळा आला म्हणून उठून गेलात तर?"

आई हसली नाही. "कुठं जाऊ? मला कानडी येत नाही. बसचा रस्ता ठाऊक नाही. आणि माझा मुलगा वर चाललाय."

कारकुनाला एका गोष्टीसाठी तीन कारणं दिली की त्याचं समाधान होतं. भीमण्णांनी चपला काढल्या. त्या कुठं ठेवाव्यात हे त्यांना कळेना. आधी रांगेच्या टोकाला ठेवल्या, मग उचलून मध्ये ठेवल्या, मग आईनंच त्या घेऊन आपल्याजवळ ठेवल्या.

वर जाणारी मंडळी जागच्या जागी थांबली होती. शेषगिरीरावांनी तोंड उघडलं ते मिटायला विसरले. भीमण्णा त्यांच्या बाजूनं पुढे आले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून, सवयीनं, स्वतःलाच म्हणाले, "स्वल्प सावकाश."

चढताना त्यांनी टेकडीची चांगलीच हजेरी घेतली. "इथं पायरी मोडलीय असं कोणी बोललं नाही मला." "हे झाड उंबराचं सांगितलं होतं, हा तर वड आहे, लिमये!" इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना खोट्या जबान्या दिल्या होत्या असा त्यांचा समज होत चालला होता. पण दर वळणावर ते थांबत, कठड्याशी जात, खाली पाहत, आणि मगच पुढे निघत. धाप लागलेली नसताना थांबत. शेषगिरीराव त्यांच्या आधी वर पोचले, ही गोष्ट पुढे शेषगिरीराव निवृत्त होईपर्यंत ऑफिसात सांगत होते.

वर वारा सुटला होता. खडकाच्या एका अंगाला तळी, नारळाच्या बागा आणि पार क्षितिजापर्यंत गेलेलं रान दिसत होतं. सगळे तिकडे गोळा झाले. सुधानं हाक मारली, "अण्णा, इकडं या ना. केवढं लांबचं दिसतंय बघा."

भीमण्णा दुसऱ्या अंगाला, आलो त्या बाजूच्या कडेशी उभे होते. मी त्यांच्यापाशी गेलो. खाली चिंचेचं झाड कोथिंबिरीच्या जुडीएवढं दिसत होतं आणि त्याच्याखाली एक पांढरट ठिपका होता.

"बसल्यात," ते म्हणाले.

"हो."

थोड्या वेळानं त्यांनी माझा दंड धरला. "हात हलवला. बघा, हात हलवला त्यांनी!"

मी डोळे बारीक करून पाहिलं. ठिपका हलत होता खरा. त्याच्यासमोर दुसरा एक काळा ठिपका होता, आणि माझ्या अंदाजानं आई आमच्या डब्यांपाशी आलेल्या एका शेळीला हाकलत होती.

"मला केला का हो?" भीमण्णांनी विचारलं.

"तुम्हालाच," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि शेळी निघून गेल्यावरही बराच वेळ ते हलवत राहिले.